जडपणाचे मूळ

माझ्या वडिलांनी १९८६ साली घेतलेली बजाज चेतक आजही नांदेडच्या आमच्या घरासमोर उभी असते. कंधार तालुक्यातल्या शाळेवर ते याच गाडीने जात. पुढे ती माझ्याकडे आली आणि काही वर्षांपूर्वी तिचा क्लच घसरू लागला. दोघे बसून चढ चढताना इंजिनाचा आवाज वाढे, वेग मात्र तिथेच राही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मुलांना क्लच शिकवण्यात माझी निम्मी हयात गेली, त्यामुळे कुणाला विचारावे असे मनातही आले नाही. कडक स्प्रिंगांचा आणि जादा प्लेटेचा संच मागवला, मागचे चाक काढले आणि एका रविवारी दुपारी तो बसवून टाकला. घसरणे थांबले. पण क्लच इतका जड झाला, की कॉलेजला गाडी नेणाऱ्या माझ्या मुलीची बोटे दोन चौकांतच भरून येऊ लागली. आठवडाभर ती काही बोलली नाही. मग एका सकाळी गाडी घरीच ठेवून ऑटोने गेली.

शेवटी गाडी शहरातल्या इतवारा भागातल्या एका वयस्कर मिस्त्रींकडे नेली. त्यांनी हँडल सरळ ठेवून क्लच दाबला, मग हँडल पूर्ण वळवून दाबला, मग पहिल्या गिअरमध्ये, मग चौथ्यात. त्यानंतर खाली वाकून इंजिनाजवळ वायर सोडवली आणि क्लचचे लिव्हर माझ्या हातात दिले. वायर कशालाच जोडलेली नव्हती, तरी लिव्हर जडच होते. “गुरुजी, आता तर खाली काहीच नाही. मग हे कशाला अडायलंय?” हँडलच्या आतल्या वळणावर तारेचा एक पदर तुटून बाहेरच्या नळीत, म्हणजे आउटरमध्ये, कुसळासारखा रुतत होता. वायर बाहेर काढून तो मला दाखवल्यावर त्यांचा दुसरा प्रश्न आला : “गिअरबॉक्समध्ये तेल कोणतं टाकलंत?” मी कारच्या इंजिनाच्या एका महागड्या तेलाचे नाव सांगितले. घर्षण कमी करणारी द्रव्ये मुद्दाम मिसळलेले ते तेल होते. मी ते चांगले म्हणून टाकले होते, आणि क्लच त्यानंतरच घसरू लागला होता.

म्हणजे मूळ दुखणे तेलाचे. मी औषध दिले ते स्प्रिंगचे. आणि त्या औषधाचा परिणाम समजून जो जडपणा आम्ही सोसत होतो, त्यातला मोठा वाटा वायरीचा. वर्गात फळ्यावर क्लचची आकृती मी शेकडो वेळा काढली असेल. पण बोटापासून प्लेटेपर्यंतच्या वाटेवर जोर नेमका कुठे अडतो, हे शोधण्याची रीत मला त्या दुपारी मिळाली. जडपणा हे लक्षण आहे. त्याचे मूळ सापडेपर्यंत कोणताही भाग बदलू नये. हे पुस्तक या एका वाक्यावर उभे आहे.

ज्यांनी क्लचवाली स्कूटर कधी चालवली नाही, त्यांच्यासाठी थोडे मागे जायला हवे. दुसरे महायुद्ध संपल्यावर इटलीत पियाजिओ कंपनीसाठी कोर्रादिनो दास्कानिओ या विमानशास्त्राच्या अभियंत्याने व्हेस्पा घडवली. तिच्या पेटंटची नोंद २३ एप्रिल १९४६ची आहे. साखळी, तेलकट पाय आणि पायाने टाकायचा गिअर या मोटरसायकलच्या गोष्टी त्याला नको होत्या. म्हणून त्याने इंजिन मागच्या चाकाशी बसवले, साखळी काढून टाकली आणि गिअर डाव्या हातात दिला. तिथेच आपल्या विषयाचा जन्म झाला. क्लचचे लिव्हर आणि गिअरची मूठ एकत्र फिरतात. पहिल्या गिअरला लिव्हर वर जाते, चौथ्याला खाली येते. त्यासोबत वायरीचे वळणही बदलते. ही वायर हँडलमधून निघून मानेतून उतरते, पायाखालच्या बोगद्यातून मागे जाते आणि चाकाजवळ चिखलाच्या तोंडाशी क्लचला भेटते. मोटरसायकलच्या वायरीला एवढा वळणांचा प्रवास सहसा नसतो.

१९४७मध्ये मिलानच्या इनोचेंती कंपनीने लॅम्ब्रेटा आणली आणि स्कूटरच्या दुनियेत दोन घराणी झाली. व्हेस्पाचा क्लच थेट क्रँकच्या टोकावर बसतो आणि इंजिनाच्याच वेगाने फिरतो. लॅम्ब्रेटाचा क्लच साखळीच्या पलीकडे, गिअरबॉक्सकडे असतो. तो हळू फिरतो, पण त्याला पीळ (टॉर्क) अधिक पेलावा लागतो. व्हेस्पाच्या क्लचला म्हणूनच लहान राहता आले. पण त्याचा एक तोटाही आहे. लिव्हर दाबून धरले, की स्प्रिंगांचा सगळा जोर क्रँकला आडवा रेटतो आणि तो भार बेअरिंगला सोसावा लागतो. सिग्नलला गाडी न्यूट्रल करा, क्लच दाबून उभे राहू नका, असे जुने मिस्त्री बजावतात ते यासाठी. स्प्रिंगा कडक केल्या की हा रेटा त्याच प्रमाणात वाढतो.

ही दोन्ही घराणी आपल्याकडे आली आणि महाराष्ट्रातच रुजली. मुंबईची ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया ही कंपनी १९५०च्या दशकात लॅम्ब्रेटा जोडू लागली. पुण्याजवळ आकुर्डीला बजाज ऑटोने १९६०च्या दशकात पियाजिओच्या परवान्याने व्हेस्पा बनवली. तो करार १९७१मध्ये संपला आणि १९७२मध्ये महाराणा प्रतापांच्या घोड्याचे नाव घेऊन चेतक आली. साताऱ्याला १९७५मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र स्कूटर्समधून प्रिया निघाली. इनोचेंतीची यंत्रसामग्री आणि लॅम्ब्रेटा हे नाव भारत सरकारच्या स्कूटर्स इंडियाने विकत घेऊन लखनौला नेले. कानपूरच्या एलएमएलने १९८०च्या दशकात पुन्हा पियाजिओशी हात मिळवला. परवाना राजच्या त्या काळात स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहणारी घरे गावोगाव होती.

मराठवाड्याचे या इतिहासाशी दुहेरी नाते आहे. १९८५मध्ये औरंगाबादजवळ, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरजवळ, वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि आपल्याकडची कितीतरी मुले हातात पान्हा घेऊन तिकडे गेली. दुसरे नाते वापरणाऱ्यांचे. शिक्षक, तलाठी, विमा प्रतिनिधी, डॉक्टर, दूधवाले या सगळ्यांची ही गाडी. पुढे उभा मुलगा, मागे पत्नी, तिच्या मांडीवर धाकटे, आणि परतताना पायाशी गॅसची टाकी. नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूर गाठणारी माणसे या स्कूटरवर मी पाहिली आहेत. उन्हाळ्यात पारा ४२च्या पुढे जातो, रस्त्यावर काळ्या मातीची धूळ उठते आणि पहिल्या पावसात तिचाच चिकट गारा होतो. तो वायरीच्या खालच्या टोकात शिरतो, वाळतो आणि आउटरच्या आत सिमेंटसारखा बसतो. इटलीतल्या पुस्तकात हा गारा सापडत नाही. आपल्या जड क्लचचे उत्तर मात्र पुष्कळदा त्यातच सापडते.

आता आतले काम समजून घेऊ. बुचासारख्या कॉर्कचे थर चढवलेल्या प्लेटा आणि पोलादी प्लेटा एकाआड एक रचलेल्या असतात. त्यांना स्प्रिंगा घट्ट आवळून ठेवतात आणि हे सगळे तेलात बुडून फिरते. लिव्हर दाबले, की वायर आर्मला ओढते, आर्म आतल्या दट्ट्याला रेटतो, स्प्रिंगा दबतात आणि प्लेटा मोकळ्या होतात. क्लच किती पीळ पेलेल हे चार गोष्टींवर ठरते : स्प्रिंगांचा दाब, घासणाऱ्या पृष्ठांची संख्या, त्या पृष्ठांची त्रिज्या आणि घर्षणाचा गुणांक. बोटांना लागणारा जोर यांतल्या फक्त पहिल्या गोष्टीवर अवलंबून आहे. एवढे एक वाक्य मनात पक्के केले, तर क्लच सुधारण्याच्या निम्म्या चुका टळतात.

हिशेब करून पाहू. समजा, तीन कॉर्कच्या प्लेटा आहेत आणि प्रत्येकीच्या दोन्ही बाजू घासतात. म्हणजे सहा पृष्ठे. चौथी प्लेट घातली तर आठ. स्प्रिंगा त्याच ठेवल्या तरी क्लचची पकड एक तृतीयांशाने वाढली आणि बोटांवर भार वाढला नाही. तेवढीच पकड स्प्रिंगा कडक करून मिळवायची, तर बोटांनाही एक तृतीयांश जोर जास्त लावावा लागेल. मी दोन्ही एकदम केले होते. पकड पावणेदोन पटींहून अधिक झाली. इंजिन मात्र तेच, १४५ सीसीचे, वडिलांच्या काळचे.

जादा प्लेटही फुकट मिळत नाही. प्लेटा मोकळ्या होण्यासाठी आर्म जेवढी सरक देतो, तेवढीच देत राहतो. समजा ती दोन मिलिमीटर आहे. सहा फटींत वाटली तर प्रत्येकीला सुमारे ०.३३ मिलिमीटर येते, आठ फटींत वाटली तर ०.२५. वायरीत थोडा जरी ढिलेपणा असेल, तर प्लेटा पुरत्या सुटत नाहीत आणि गिअर टाकताना कर्कश आवाज येतो. त्यात नव्या संचाची एकूण जाडी मूळ संचापेक्षा भरली, तर स्प्रिंगा बसवतानाच जास्त दबतात. नाव मूळ स्प्रिंगचे, दाब मात्र कडक स्प्रिंगचा. म्हणून बसवण्याआधी जुना आणि नवा संच शेजारी ठेवून व्हर्निअरने मोजावा. तरफेचाही हाच न्याय. आर्म लांब केला की दाबायला हलका होतो, पण सरक कमी देतो. एका बाजूने मिळवलेले दुसऱ्या बाजूने द्यावे लागते. काय द्यायचे हे आधी ठरवणे, यालाच मी सुधारणा म्हणतो.

क्लचच्या तक्रारी मुळात चार. तो घसरतो, तो सुटत नाही, तो थरथरत धरतो, तो जड होतो. पहिल्या तिन्हींबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. जडपणाबद्दल फार थोडे. कारण उघड आहे. घसरणारा क्लच गाडी थांबवतो, जड क्लच फक्त माणसाला थकवतो, आणि थकलेला माणूस गाडी जुनी झाली म्हणून गप्प बसतो. लिव्हरची कोरडी पडलेली किंवा जास्त आवळलेली पिन, फाटलेली किंवा गंजलेली तार, आउटरची तीव्र मुरड, गारा भरलेले टोक, कव्हरमध्ये गंजून अडणारा आर्मचा दांडा, झिजलेला पितळी दट्ट्या, चुकीच्या जाडीच्या प्लेटा आणि सगळ्यात शेवटी खरोखर कडक स्प्रिंगा, अशी ही रांग आहे. बहुतेक जण या रांगेच्या शेवटाकडून सुरुवात करतात, कारण शेवटचा भाग विकत मिळतो.

या दुरुस्तीविद्येत मला तीन घराणी दिसतात. पहिले मूळपणाचे. कारखान्यातून गाडी जशी निघाली तशीच ती ठेवायची. स्प्रिंग, नट, रंग सगळे मूळ. या मंडळींमुळे जुनी पुस्तके, भागांचे क्रमांक आणि मापे टिकून राहिली. दुसरे घराणे वेगाचे. १९६०च्या दशकात ब्रिटनमधल्या तरुणांनी स्कूटरला आपली ओळख केले. पुढे इटलीतल्या मालोस्सी, पोलिनी, पिनास्को यांसारख्या कंपन्यांनी मोठे सिलिंडर आणि सुधारित भाग बनवले. मोठ्या सिलिंडरचा पीळ पेलण्यासाठी कडक स्प्रिंगा आणि जादा प्लेटा आल्या त्या इथून. तिथे त्यांची गरज खरी होती. तिसरे घराणे आपल्या बाजारपेठेतले, रोजच्या भाकरीचे. गाडी आज संध्याकाळपर्यंत चालू झाली पाहिजे, कारण उद्या सकाळी तिच्यावर दुधाच्या किटल्या लादायच्या आहेत.

तिसऱ्या घराण्याला जुगाड म्हणून हलके लेखणाऱ्यांशी माझे भांडण आहे. वायर सोडवून लिव्हर हातात देणाऱ्या त्या मिस्त्रींनी जे केले, त्याला शास्त्रात दोषाचे क्षेत्र निम्मे करणे म्हणतात. एका कृतीत त्यांनी गाडीचे दोन भाग केले : दुखणे लिव्हर-वायरीत आहे की तिच्या खाली इंजिनात. हँडल वळवून दाबण्यामागे हेच होते. जडपणा हँडलच्या वळणाबरोबर किंवा गिअरबरोबर बदलत असेल, तर दोष वायरीत. बदलत नसेल, तर शोध पुढे न्यायचा. पैसा न लागता, पान्हा न उचलता मिळालेले हे ज्ञान आहे. मात्र या घराण्याची उणीवही मी झाकणार नाही. मोजमाप आणि नोंद यांची सवय तिथे कमी आहे. उस्ताद गेला की त्याच्या हाताबरोबर विद्याही जाते. पहिल्या घराण्याची नोंद, दुसऱ्याचा हिशेब आणि तिसऱ्याचे निदान एका ठिकाणी आणणे, हा या पुस्तकाचा प्रयत्न आहे.

आजच का, असे कुणी विचारेल. चेतकचे उत्पादन थांबून दोन दशके होत आली. २०२०मध्ये चेतक हे नाव विजेच्या स्कूटरवर परत आले. तिच्यात क्लच नाही, गिअरची मूठ नाही. ती आपल्या जागी चांगलीच आहे. शहराच्या हवेला तिची गरज आहे. पण त्याच वेळी आजोबांची स्कूटर कोठारातून काढून पुन्हा रस्त्यावर आणणारी मुले नांदेड-लातुरात वाढत आहेत. १५ वर्षांनंतर नोंदणी नव्याने करून, दर पाच वर्षांनी ती वाढवून, ही मुले गाडी कायद्यात बसवतात. त्यांच्याकडे उत्साह आहे, परदेशी संच घरपोच मागवण्याची सोय आहे आणि मोबाइलवर लांबून शिकवणारे पुष्कळ आहेत. शेजारी बसून शिकवणारा मिस्त्री मात्र कमी होत चालला आहे. जी दुकाने एकेकाळी दिवसाला पाच-सहा स्कूटरी उघडत, ती आता मोपेडचे टायर बदलतात. उस्तादांची मुले या धंद्यात नाहीत, आणि त्यांना त्यासाठी दोष देता येणार नाही.

दुसरे कारण भाषेचे. आमच्या संस्थेत येणारी मुले लोह्याची, मुखेडची, देगलूरची, औशाची. इंग्रजी पुस्तकातला क्लच त्यांना परका वाटतो, आणि शासकीय मराठीतला त्याहून परका. दुकानातली भाषा मात्र जिवंत आहे : मराठी, दखनी आणि इंग्रजी शब्द एकमेकांत मिसळलेली. क्लच घसरतो, धरतो, सोडत नाही, वायर अडते, प्लेटा चिकटतात. या पुस्तकात मी हेच शब्द घेतले आहेत. जो शब्द गिऱ्हाईक आणि मिस्त्री दोघांनाही कळतो, तोच पारिभाषिक शब्द मानला आहे.

पुस्तकाचा केंद्रबिंदू क्लच आहे, पण त्याची रीत संपूर्ण गाडीला लागू पडावी अशी माझी इच्छा आहे. वाचकाला मी आधी पाहायला, मग सोडवायला, मग मोजायला आणि सगळ्यात शेवटी बदलायला सांगतो. मोजण्यावर माझा विशेष भर आहे. “जड” हा शब्द प्रत्येकाच्या हाताचा वेगळा असतो. लोहाराच्या हाताला जे हलके, ते एखाद्या मुलीच्या हाताला अशक्य. म्हणून बॅग तोलायचा साधा लटकता काटा लिव्हरच्या टोकाला अडकवावा, क्लच पुरता सुटेपर्यंत ओढावे आणि आकडा लिहून ठेवावा. वायर बदलल्यावर पुन्हा ओढावे, तेल बदलल्यावर पुन्हा. आकड्यांची ही वही तयार झाली, की मत आणि निदान यांतला फरक आपोआप कळू लागतो. जे काम हाताखाली पाहिल्याशिवाय करू नये, ते पुस्तकात स्पष्टपणे तसे सांगितले आहे; क्लच उघडून आवळण्यासाठी योग्य हत्यार लागते, आणि दबलेली स्प्रिंग सुटली तर डोळ्याला इजा करते.

काही गोष्टी या पुस्तकात मुद्दाम घेतलेल्या नाहीत. स्पर्धेसाठी गाडी वेगवान कशी करावी, हा माझा विषय नाही. मोठा सिलिंडर बसवणाऱ्यांना कडक स्प्रिंग लागेलच. त्यांना या पुस्तकातून एवढेच मिळेल, की त्या स्प्रिंगचा भार वायर, आर्म, दट्ट्या आणि बेअरिंग यांतल्या कोणाकोणावर जातो, आणि त्यांना त्यासाठी कसे तयार करायचे. एक भाग बळकट केला, की बाकीच्या सगळ्यांना त्याची किंमत विचारावी लागते.

या कामात ज्या मिस्त्रींनी आपली दुपार दिली, उघडलेली गाडी तशीच ठेवून माझे प्रश्न ऐकले, त्यांच्यापैकी अनेकांनी नाव छापू नका असे सांगितले. त्यांचा मान राखून मी कुणाचेच नाव दिलेले नाही. पण या पुस्तकातल्या निदानाच्या प्रत्येक पायरीवर कुणा ना कुणा उस्तादाचा हात आहे, हे वाचकाने ध्यानात ठेवावे.

आमच्या चेतकमध्ये आता मूळ जोराच्या स्प्रिंगा आहेत, नवी वायर आहे आणि एसएई ३०चे साधे तेल आहे. चौथी प्लेटही मी काढून ठेवली. त्या इंजिनाला तिची गरज नव्हती. दुरुस्तीआधीचा आणि नंतरचा, असे काट्यावरचे दोन्ही आकडे वहीच्या पहिल्या पानावर आहेत. त्यांच्या खाली तिसरी नोंद माझ्या मुलीने स्वतःच्या अक्षरात केली आहे : नांदेड ते लोहा आणि परत, तारीख, आणि “हात दुखला नाही”. वाचकाने या पुस्तकाची परीक्षा अशाच नोंदीवर करावी.

नांदेड